मंगळवारच्या किटल्या

मी डेअरीचा सेक्रेटरी.
एकवीस वर्षं फॅट लावतोय.
येरळेच्या या काठाला कुणाच्या म्हशीला काय झालंय
ते मला तिच्या मालकाआधी कळतं.
तीन पॉइंट घसरले की समजायचं,
वैरण बदलली, नाहीतर रेडकू दगावलं.

बाईमाणसाचं कळत नाही.
बाप्याचं तर मुळीच नाही.

पंचायतीनं आधी बोर्ड लावला समाजमंदिराच्या दाराला,
ठळक निळ्या अक्षरांत:
'मनाचा दवाखाना. दर मंगळवारी, दुपारी दोन ते चार.'
मिरजेहून मुजावर मॅडम यायच्या एसटीनं,
टेबल पुसायच्या, दोन तास बसायच्या,
आशाताई रत्नाबाईंबरोबर चहा घेऊन परत जायच्या.
समोर पारावर पत्ते कुटणारी माणसं
त्या दाराकडं अशी बघायची
की कुत्रंसुद्धा वाट बदलावं.

आमच्याकडं शुगर, बीपी लोक मानानं सांगतात.
रात्र रात्र जागणारा मात्र चळलेला.
रडणाऱ्या बाईला बाहेरचं झालेलं.
आणि मग त्या घरातल्या पोरीला
स्थळ सांगून येत नाही.

पाच मंगळवार कोरे गेले.

सहाव्याच्या आदल्या दिवशी रत्नाबाई काउंटरशी आल्या.
"भाऊ, मागची पेंडीची खोली द्या.
तुमच्याकडं कोण कशाला आलं
ह्ये कुणी विचारत न्हाई."

पोती हलवली. वास तेवढा राहिला.

दुपारी दोनला, संकलन नसताना,
मशीनवर फडकं टाकलेलं असताना
मालन आली. हातात किटली.
"आत्ता गं कुठलं दूध?"
"असंच."
काउंटरवर किटली ठेवून मागं गेली.
ठेवताना आवाज झाला,
रिकाम्या भांड्याचा होतो तो.

पुढं रीतच पडली.
पोल्ट्री बसल्यापासून न बोलणारा जालिंदर: किटली.
म्हैस विकून दोन वर्षं झालेली आक्काताई:
किटली, तीही शेजारणीची.
हिंदुराव फौजीनं तर झाकणाला दोरी आवळून आणली,
आतलं काही हिंदकळेल म्हणून जपल्यासारखी.
मी विचारणाऱ्याला सांगायचो,
सॅम्पल तपासायला आणलंय.
भिंत पातळ, म्हणून रेडिओ मोठा ठेवायचो.

एकदा लाइट गेली.
रेडिओ थांबला, आणि आतून हिंदुराव:
"तिकडं बर्फात न्हाई भ्यालो, मॅडम.
हितं पंख्याकडं बघायचं भ्या वाटतं."

मी वही उघडली. मिटली.
या वहीत एकवीस वर्षांत एक आकडा खोटा नाही.
खोटं मी एकदाच लिहून दिलं,
ते पंचनाम्यात:
'थोरले बंधू, पाय घसरून विहिरीत.'
आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं,
त्या विहिरीच्या पायऱ्या दादानंच बांधलेल्या.

दिवाळीनंतरची गोष्ट.
सकाळी साडेसहा, रांग पार टपरीपर्यंत,
धारेची ऊब अजून किटल्यांना.
मालननं दूध ओतलं आणि
सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,
"मॅडम मंगळवारी येणार न्हवं? माज्या गोळ्या संपल्यात."

रांग गप्प.
मशीननं सहा पॉइंट आठ दाखवलं, मी ते लिहिलं.
कुणीतरी खाकरलं. एक पोरगं फिस्सकन हसलं,
त्याच्या आजीनं त्याला कोपर मारलं.
मग पाठीमागनं, टोपी सारखी करत, पोपटअण्णा:
"किती वाजता म्हनं? नातवाला दाखवायचाय."

म्हणजे गाव लगेच सुधारलं असं नाही.
पत्त्यांचा डाव तिथंच आहे. बोर्ड कुणीतरी शेणानं सारवलाय.
मालनच्या सासूनं तिच्याशी
आठ दिवस बोलणं सोडलं होतं.

पण या मंगळवारी खोलीत सात माणसं होती
आणि काउंटरवर किटल्या दोनच.
एक आक्काताईची.
दुसरी माझी,
घरून आणलेली.